चौदा मिनिटांची बादली

रविवार, ९ मार्च २०२५. सकाळी ९.
आज पोहे खाताना सूनबाईंनी (राजेश्वरी) तक्रार केली. वरच्या मजल्यावर पाणी फार बारीक येतं. शॉवर लागतच नाही, नळाला करंगळीएवढी धार. ती नगरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, साडेसातची बस गाठावी लागते. केस धुवायचे असले की पाचला उठते म्हणे.

मी शांतपणे ऐकून घेतलं. मग पाण्याचा दाब ही संकल्पना समजावून सांगितली. टाकी गच्चीवर. खालचा मजला टाकीच्या बराच खाली, म्हणून दाब जास्त. वरचा मजला टाकीला चिकटून, म्हणून दाब कमी. म्हणजे हा दोष नाही, निसर्ग आहे. दोन फुलपात्रं आणि पोह्यातला एक शेंगदाणा घेऊन प्रात्यक्षिकही दाखवलं. एकतीस वर्षं राहुरीत विज्ञान शिकवलं. नववी ‘ब’ला जे कळलं ते सूनबाईंना न कळायला काय झालं?

तिने सगळं ऐकलं आणि खालच्या बाथरूममध्ये जाऊन केस धुतले. पटलं असावं.

जूनपासून चार वेळा सांगितलं होतं असं तिचं म्हणणं. मला आठवत नाही. म्हणजे नीट सांगितलं नसणार.

केदार आणि ती गेल्या जूनमध्ये पुण्याहून इथे आले. केदारचं कंपनीचं काम घरून चालतं. ईरा इथल्या शाळेत पहिलीत. वर्षभर राहून बघू, मग ठरवू, असं केदार म्हणतो. ठरवायचं काय त्यात? स्वतःचं दुमजली घर आहे.

संकल्प: गुढीपाडव्याच्या आत वरच्या मजल्यावर पूर्ण दाबाने पाणी. प्लंबर बोलावणार नाही. प्लंबरकडे पाना असतो, विचार नसतो.

सोमवार, १० मार्च.
मोजमाप. मोबाईलचं स्टॉपवॉच. बादली तीच, लाल. खालचा नळ: १ मिनिट ५० सेकंद. वरचा नळ: १४ मिनिटं. नवी वही केली. कव्हरवर ‘जलदाब’ असं लिहिलं. अक्षर मनासारखं येईना म्हणून कव्हर तीनदा बदललं. दिवस सत्कारणी.

गुरुवार, १३ मार्च.
निदान क्रमांक १: क्षार. आपलं बोअरचं पाणी जड आहे, शॉवरची भोकं बुजली असणार. शॉवर काढून व्हिनेगरमध्ये बुडवला. त्यासाठी कुठलं पातेलं घेतलं यावरून बायकोशी (इंदू) वाद. पातेल्याला भावना नसतात असं मी म्हणालो. तिने ते पातेलं बाहेर, चपलांच्या शेजारी ठेवलं.

शॉवर परत बसवताना एक वॉशर उरला. जास्तीचा असावा. आता पाणी शॉवरमधून कमी आणि बाजूने जास्त येतं. एकूण पाणी तेवढंच, त्यामुळे नुकसान काही नाही. आपल्याऐवजी भिंतीची आंघोळ होते, असं राजेश्वरी म्हणाली. मुलीला विनोदबुद्धी आहे.

रविवार, १६ मार्च.
निदान क्रमांक २: शेजार. वाल्मिक नळाला डायरेक्ट मोटर लावून पाणी ओढतो, हे मला बरेच दिवस दिसतंय. आज जाऊन स्पष्ट बोललो. त्याने चहा ठेवला. मग विचारलं, सर, वरच्या बाथरूमला पाणी तुमच्या गच्चीवरच्या टाकीतूनच येतं ना? मी हो म्हणालो. टाकी भरते ना रोज? भरते. मग माझी मोटर तुमच्या गच्चीवरनं पाणी कसं ओढील, असं त्याने विचारलं.

हा मुद्दा मी स्वतःच मांडणार होतो. चहा जास्त गोड होता.

केदार, राजेश्वरी आणि ईरा आज दिवसभर नगरला. सावेडीत काहीतरी बघायचं होतं. पडदे असतील.

बुधवार, १९ मार्च.
निदान क्रमांक ३: हवा. पाइपमध्ये हवेचा फुगा अडकला की पाणी पुढे सरकत नाही. उपाय साधा. बोअरच्या मोटरचा पाइप वरच्या नळाला जोडायचा, पाणी उलटं मारायचं. हवा टाकीतून बुडबुड करत निघून जाते.

सकाळी साडेदहाला मोटर चालू केली. बुडबुडे आले नाहीत. पाइप निसटला. बाथरूमचं दार उघडं होतं आणि समोरच्या खोलीत केदारची मीटिंग चालू होती. लॅपटॉप वाचला. केदारचा शर्ट, भिंतीवरचं कॅलेंडर आणि मीटिंग वाचली नाही. पलीकडे बेंगलोरचे चारजण होते. त्यांना प्रयोग लाइव्ह पाहायला मिळाला.

केदारने शर्ट बदलला आणि दार लावून घेतलं. माझ्यासारखाच शांत आहे.

इंदूचं म्हणणं, पीरमहंमदला बोलवा. या घराचं सगळं प्लंबिंग त्याचंच. मी नाही म्हणालो. घर बांधताना मी त्याला पाइपच्या उतारासंबंधी मार्गदर्शन करत होतो, तेव्हा ‘सर, तुमी जरा सावलीत बसा’ असं तो मजुरांसमोर म्हणाला होता. मी मनात काही ठेवत नाही. पण विसरलेलो नाही.

शनिवार, २२ मार्च.
निदान क्रमांक ४: उंची. हे पहिल्या दिवशीच मी सांगितलं होतं, पण घरात ऐकतं कोण? दाब वाढवायचा तर टाकी वर न्यायची. चार फूट पुरे. आकृती काढली. गवंड्याला दाखवली. आकृती छान आहे, पण कुठल्या बाजूने बघायची, असं त्याने विचारलं. शिक्षणाचा अभाव.

गुरुवार, २७ मार्च.
विटांचा चौथरा तयार. टाकी रिकामी केली. वाल्मिक आणि त्याच्याकडची तीन माणसं आली. मी सूचना दिल्या. टाकी चढली. पाइप मात्र चार फूट कमी पडले. तसं हे अपेक्षितच होतं, आधी लक्षात आलं नव्हतं एवढंच.

शनिवार, २९ मार्च.
पाइप मीच जोडतोय, म्हणून वेळ लागतोय. तोवर घरात पाणी नाही. कुठेच नाही. नोंद करण्यासारखी गोष्ट: वरच्या आणि खालच्या मजल्यातला फरक प्रथमच पूर्ण नाहीसा झाला.

इंदू कुंपणापाशी वाल्मिकच्या बायकोला सांगत होती, “वरचं पाणी कशामुळे गेलंय ते कळत नाही. खालचं मात्र मुळेंमुळे गेलं.” पस्तीस वर्षं माझं आडनाव लावते आणि हा उपयोग.

रविवार, ३० मार्च. गुढीपाडवा.
सगळ्यांच्या आंघोळी वाल्मिककडे. टॉवेल खांद्यावर टाकून आम्ही पाचजण रांगेने गेलो. गल्लीतले लोक आपापल्या गुढ्या सोडून बघत होते. गुढीवर तांब्या उलटा घालतात हे एक बरं, त्यात पाणी लागत नाही.

राजेश्वरीच्या आईचा राहात्याहून फोन आला. सगळं छान आहे गं, असं तिने सांगितलं. पेशंटशी बोलताना ती याच आवाजात बोलते.

पाडव्याची मुदत तांत्रिकदृष्ट्या संपली. पण हिंदू वर्षाचा पहिलाच दिवस आहे. अजून वर्ष पडलंय.

मंगळवार, १ एप्रिल. संध्याकाळी ६.
पाइप जोडले. टाकी भरली. वरची बादली: १३ मिनिटं २० सेकंद. चाळीस सेकंदांची बचत. जवळजवळ पाच टक्के सुधारणा. जेवताना जाहीर केलं. ईराने विचारलं, आजोबा, आज बादली थोडी कमी भरली होती का? मुलीला संशोधक वृत्ती आहे. तपासून पाहिलं नाही.

केदारने जेवणानंतर मोजपट्टीचा टेप मागितला. ऊर भरून आला. अखेर मुलाला गोडी लागली. वर जाऊन पाहिलं, तर तो पलंग आणि कपाट मोजत होता. सुरुवात कुठूनही करावी माणसाने.

रविवार, ६ एप्रिल.
आजही तिघं सावेडीला. पडदे अजून पसंत पडले नसतील.

राजेश्वरी इंदूशी ईराच्या शाळेच्या दाखल्याबद्दल काहीतरी बोलत होती. मी गेल्यावर दोघी थांबल्या. दाखला म्हणजे बोनाफाईड असणार, आधारला लागतं. त्यात थांबण्यासारखं काय? मीही मदत केली असती. मुख्याध्यापक माझे विद्यार्थी.

इंदूचे डोळे लाल. कांदा.

रविवार, १३ एप्रिल.
प्रेशर पंप आला. ऑनलाइन मागवला. माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि चिनीत. इंग्रजी भाग वाचला, चिनी भागातल्या आकृत्या जास्त चांगल्या वाटल्या, त्याप्रमाणे बसवला.

सोमवार, १४ एप्रिल. सकाळी ६.२०.
पंप सुरू. पहिली तीन सेकंदं पाणी असं आलं, की राजेश्वरीच्या हातातला मग उडाला. मग पाणी गेलं आणि नुसता आवाज राहिला. गिरणीत दगड दळायला टाकल्यासारखा. समोरच्या घरातले लोक बाहेर आले. ईराने कानात बोटं घातली. एवढा आवाज आहे म्हणजे दाब आहेच. फक्त पाणी त्याच्या वेगाने येत नाही.

गुरुवार, १७ एप्रिल.
पंप जळला. जळण्याआधी उत्तम चालत होता.

राजेश्वरी आता खालीच आंघोळ करते. खालच्या बाथरूमचा क्रम माझा, इंदूचा, मग तिचा, त्यामुळे तिची बस दोनदा चुकली. तिने पहाटे उठावं असं मी सुचवलं. ती पर्स मांडीवर घेऊन पायरीवरच बसली. तिला थकवा आहे. लोह कमी असेल.

शुक्रवार, २५ एप्रिल. सायंकाळी ५.
महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

पंप दुरुस्तीला टाकायला मी नगरला गेलो होतो. चार वाजता परत आलो तर दारात जुनी सायकल. गच्चीवर पीरमहंमद. इंदूने मला न विचारता बोलावलं. सत्तरी उलटली असेल त्याची, दाढी पांढरी झाली आहे. हातात एकच पाना.

टाकीतून दोन पाइप निघतात, एक खालच्या मजल्याला, एक वरच्याला. वरच्याच्या पाइपवर, गच्चीच्या कोपऱ्यात, गोणपाटाचं एक गाठोडं होतं. टाकी उचलताना मीही ते पाहिलं होतं. उन्हाने पाइप तापू नये म्हणून बांधलेलं असणार, कुणीतरी विचारपूर्वक काम केलंय, असं वाटून मी त्याला धक्कासुद्धा लागू दिला नव्हता. पीरमहंमदने ते सोडलं. आत व्हॉल्व्ह.

“सर, ह्यो व्हॉल्व्ह बंद हाय,” तो म्हणाला. “दोनच आटे उघडा हुता.”

मी विचारलं, कोणी बंद केला? त्याने व्हॉल्व्हच्या चाकाला तारेने बांधलेली पत्र्याची चकती पुढे केली. वर ऑइलपेंटने लिहिलं होतं: ‘कोणीही हात लावू नये. नृ. मुळे. १२-५-१८.’ अक्षर वळणदार.

मग हळूहळू आठवलं. तेव्हा वरचा मजला एका बँकेतल्या माणसाला भाड्याने दिला होता. त्याची बायको रोज अंगण आणि स्कूटर धुवायची. पाण्याचा अपव्यय होऊ नये म्हणून मी शास्त्रीय नियंत्रण केलं असावं. ते लोक दहा महिन्यांत सोडून गेले. का गेले ते सांगत होते काहीतरी. मी तेव्हा घाईत होतो.

पीरमहंमद हसला असता तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं. त्याने तार कापली, चाक फिरवलं, चकती पुसून माझ्या हातात दिली.

“तुमी लिव्हलं हुतं, म्हनून कुनी हात लावला न्हाई सर,” तो म्हणाला. चहा घेऊन गेला. सगळं मिळून अकरा मिनिटं.

वरची बादली: १ मिनिट ४० सेकंद. खालच्यापेक्षाही कमी. टाकी उचलल्याचा फायदा.

निष्कर्ष: एकेक शक्यता शास्त्रीय पद्धतीने वगळत गेलो म्हणूनच शेवटची शक्यता उरली. पीरमहंमदने ती फक्त उघडली. वहीत ‘यश’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. चकती कपाटात, कपड्यांच्या खाली.

शनिवार, २६ एप्रिल.
सकाळी सगळ्यांना वर बोलावलं. शॉवर सोडून दाखवला. वॉशर नसल्याने भिंतीलाही भरपूर मिळालं. केदारने शॉवर बंद केला आणि बसा म्हणाला. मी बादलीवरच बसलो.

सावेडीत त्यांनी फ्लॅट घेतला आहे. बुधवारी, अक्षय्य तृतीयेला जाणार. ईराचं ॲडमिशन तिकडच्या शाळेत झालं. इंदूला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. बाबांचं पाण्याचं काम होऊ दे, मग त्यांना सांगू, असं ठरलं होतं म्हणे. माझं लक्ष विचलित होऊ नये म्हणून असणार.

मी त्यांना धीर दिला. पाण्यामुळे घेतलेला निर्णय आहे, पाणी आलं, तेव्हा आता रद्द करता येईल, असं समजावलं. फ्लॅटवाल्याशी मी बोलतो असंही म्हणालो.

राजेश्वरी खिडकीपाशी उभी होती. आवाज चढवला नाही.

“पाण्याचं नाही हे, बाबा,” ती म्हणाली. “पाणी कमी येतं असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला पाण्याचा दाब शिकवलात.”

यात तक्रार कोणती ते मला कळलं नाही. शिकवला हे खरं आहे. चांगलाच शिकवला.

मग केदार घाईघाईने म्हणाला की तिचं हॉस्पिटल तिथून पायी दहा मिनिटांवर आहे. हे कारण मला पटलं. नोंद करून ठेवतो: हॉस्पिटल जवळ पडतं म्हणून जात आहेत.

दुपारी जेवलो नाही. पोट ठीक नव्हतं.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय्य तृतीया.
सकाळी नऊला टेम्पो. पलंग, कपाट, ईराची सायकल. जिन्यात पलंग कसा तिरका करायचा ते मी सांगत होतो. केदार म्हणाला, बाबा, तुम्ही जरा सावलीत बसा. बसलो.

सगळं चढल्यावर टेम्पोवाला वर जाऊन हातपाय धुऊन आला. तोंड पुसत म्हणाला, काय प्रेशर हाय राव तुमच्याकडं, लई भारी. त्याला कारण सांगायला लागलो तोवर त्याने गाडी सुरू केली.

ईरा मागच्या काचेतून हात हलवत होती. वळणापर्यंत दिसली.

शनिवार, ३ मे.
इंदू कपडे वाळत घालायला वर जाते आणि लवकर खाली येत नाही. दोनच माणसांचे कपडे, एवढा वेळ कशाला? बघायला गेलो. रिकाम्या खोलीत जमिनीवर बसली होती. मीही बसलो. खोलीत आवाज घुमतो हे तिला सांगणार होतो, रिकाम्या खोलीत घुमतोच, पण मग राहू दिलं.

रविवार, ११ मे. रात्री ८.
आज फ्लॅटवर जेवायला बोलावलं होतं. तिसरा मजला. हवेशीर आहे. बाल्कनीतून दुसऱ्या बिल्डिंगची बाल्कनी दिसते.

हात धुवायला बेसिनपाशी गेलो. नळ पूर्ण सोडला. धार बारीक. आपल्या वरच्या मजल्यावर पूर्वी यायची तेवढीच, कदाचित जरा कमी. साबण जाईना. एका क्षणात चार कारणं डोक्यात आली, क्रमाने.

वळून पाहिलं तर राजेश्वरी दारात टॉवेल घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं.

“बारीक येतं पाणी,” ती म्हणाली. “सोसायटीला सांगितलंय.”

मी म्हणालो, “हो, बारीक येतं.”

पुढे काही बोललो नाही. ती जरा वेळ थांबली. अजून काहीतरी येईल अशी तिची अपेक्षा असावी. आलं नाही. मग तिने टॉवेल दिला आणि म्हणाली, चला बाबा, आमरस गरम होतोय. ताटावर तिने मला दोनदा आग्रह केला. यापूर्वी एकदाच करत असे. ईराने नवी शाळा चित्रात काढून दाखवली. शाळेच्या छपरावर टाकी होती. त्यावरही मी बोललो नाही.

परतीच्या बसमध्ये इंदूला म्हणालो, बघितलंस ना, आज मी किती कमी बोललो? बेसिनपाशी एक वाक्य, बस. माणूस ठरवलं तर किती बदलू शकतो, संयम म्हणजे नक्की काय, तो माझ्यात मुळातच कसा आहे आणि आजवर तो कोणाच्या लक्षात का आला नसावा, हे तिला सविस्तर समजावून सांगत होतो.

विळद घाट उतरेपर्यंत इंदू झोपली होती.